गोळी पुरत नाही

लाल रेघ मारलेला तो इवलासा माइक, साबुदाण्याएवढा असेल नसेल, लॅपटॉपच्या कोपऱ्यात गेले पाच बुधवार तसाच बसून होता, आणि रत्नप्रभा सिस्टरची नजर आजही पुन्हा पुन्हा तिथंच जात होती. पडद्यावर सत्तावीस चौकोन. प्रत्येक चौकोनात एक चेहरा, चेहऱ्याखाली नाव, नावाआधी डॉक्टर. फक्त या खोलीच्या चौकोनाखाली नाव नव्हतं, ‘अंधेरी सेंटर’ एवढंच होतं. म्हणजे खोलीचं नाव... आणि खोलीला कुठं तोंड असतं? मग तिचा माइक बंद असला तर बिघडलं कुठं?

‘सीमाभागातील संसर्गजन्य आजार आणि व्यसन : डॉक्टरांसाठी सहयोगी प्रशिक्षण.’ दर बुधवारी बारा ते एक. मिझोराम, मणिपूर, पंजाब अशा देशाच्या कडेकडेच्या दवाखान्यांतले डॉक्टर आपापले पेशंट मांडणार आणि मुंबईचे तज्ज्ञ त्यांना वाट दाखवणार. सीमेवरून गर्द, म्हणजे हेरॉइन, येतो, गर्दाबरोबर सुई येते, सुईबरोबर एचआयव्ही आणि कावीळ, मागोमाग टीबी. आणि मुंबईने म्हणे हे सगळं आधीच पाहून ठेवलंय. पाहिलंय ना. पण कुणी? डॉ. अनिरुद्ध सबनीसांनी? सेंटरचे डॉक्टर म्हणून ते आठवड्यातून दोन तास येतात, मंगळवारी, चहा संपेपर्यंत सह्या करतात. बाकी सहा दिवस सकाळी नऊ ते बारा त्या जाळीच्या खिडकीत मी उभी असते, बावीस वर्षं हॉस्पिटलात आणि त्यातली अकरा या सेंटरवर — गर्दाच्या जागी द्यायची ती गोळी कुटायची, जिभेखाली ठेवायची, सात मिनिटं समोर बसवायचं, टॉर्च मारून तोंड बघायचं, मग सोडायचं. नव्वद तोंडं रोज. पण पहिल्याच बुधवारी सूचना आली होती : सिस्टर आणि समुपदेशक यांनी बसायला हरकत नाही, मात्र कृपया ऐकण्यापुरतंच.

सहयोगी म्हणे.

“ताई, तुमचा चहा गार झाला,” शेजारी बसलेली ऋतिका म्हणाली. ऋतिका सेंटरची समुपदेशक, अठ्ठावीस वर्षांची, कानात एकच इयरफोन घालून फोनवर दुसरंच काहीतरी बघत होती. रत्नप्रभाने कप बाजूला सारला. टेबलावर कुटलेल्या गोळीची पांढरी पूड अजून राहिली होती, ती तिने बोटाने टिपून ओल्या फडक्याला पुसली.

आज पेशंट मांडत होत्या डॉ. लालरिनपुई. मिझोराममधलं गाव, पलीकडे डोंगर उतरला की म्यानमार. तिशीतली बाई, मागे हिरवा रंगवलेला पत्रा, आणि आवाज अडखळत येणारा, कारण तिथं नेट दिवसातून दोन-तीन तास असतं असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इंग्रजीत बोलायची, अडली की हिंदीत. सत्तावीस वर्षांचा मुलगा, सुईने गर्द घ्यायचा. इथं देतात तीच गोळी सुरू केली, आठ मिलिग्रॅमवर आठ महिने छान होता. मग टीबी निघाला. टीबीचं औषध सुरू केलं आणि दहाव्या दिवसापासून तो म्हणायला लागला...

रत्नप्रभाचा हात फडक्यावर थांबला.

...म्हणायला लागला, की गोळी पुरत नाही.

“स्टाफ म्हणाला, खोटं बोलतोय, जास्त गोळी हवीय,” लालरिनपुई सांगत होती. “मी दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. टीबीचं औषध कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला. बाकी काहीच बदललं नव्हतं. मग मी गोळी वाढवली. बारा, मग चौदा. चार दिवसांत तो शांत झाला. टीबीचं औषधही घेतोय. माझा प्रश्न असा, की मी किती वाढवू शकते?”

डॉ. सबनीस हसले. चांगलं हसले, प्रसन्न, शिकवणाऱ्या माणसाला योग्य विद्यार्थी भेटला की हसतो तसे. “उत्तम निरीक्षण. पण यात नवीन काही नाही. टीबीच्या औषधातला रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतो, आणि यकृत ही गोळी भराभर संपवून टाकतं. सर्वज्ञात गोष्ट आहे. चौदा नंबरची स्लाइड बघा. पेशंटकडे बघून हळूहळू वाढवत न्या, आणि टीबीचा कोर्स संपला की आठवणीने पुन्हा कमी करा, नाहीतर गोळी जास्त होण्याचा उलटा धोका.”

सर्वज्ञात.

चौदा नंबरची स्लाइड आली. एक यकृत, तपकिरी, एक बाण, एक गोळी. बाणाच्या टोकाशी गोळी लहान लहान होत गेलेली. कुणीतरी छान काढली होती. रत्नप्रभा त्या चित्राकडे बघत राहिली आणि तिला आधी काहीच वाटलं नाही, दारात बोट सापडल्यावर पहिला क्षणभर काही वाटत नाही तसं... आणि मग सुबोध.

सुबोध. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगच्या कारखान्यात होता, पितळेच्या नळांना चकचकीत मुलामा द्यायचा, नखं कायम निळसर. एकतीस वर्षांचा. नऊ म्हणजे नऊला खिडकीशी हजर, कारण साडेनऊला त्याला मशीनवर उभं राहायचं असायचं. दीड वर्षात एकदासुद्धा चुकला नव्हता, गणपतीत मालवणला गेला तेवढे सहा दिवस सोडून, आणि तेव्हाही आधी चिठ्ठी घेऊन गेला होता. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याला टीबी निघाला. मेच्या पहिल्या आठवड्यात तो खिडकीत वाकून म्हणाला होता, “सिस्टर, गोळी पुरत नाही ओ.”

“सगळ्यांनाच पुरत नाही. जीभ वर कर.”

“तसं नाही. दुपारपर्यंत टर्की लागते. आधी चोवीस तास जायचे ना आरामात.”

टर्की म्हणजे नशा उतरल्यावर अंग मोडतं, नाक गळतं, पोटात पिळे पडतात, ते सगळं. खिडकीवरचा प्रत्येक जण हा शब्द दिवसातून एकदा वापरतो. आणि रत्नप्रभाला हे माहीत होतं की नव्वदांतले वीस जण तो खोटा वापरतात. गोळी गालात दाबून बाहेर नेतात, थुंकून विकतात. तिने फसून घेतलंय. पहिल्या दोन वर्षांत एकाने तर आई वारली म्हणून दोनदा गोळ्या नेल्या, आणि तिसऱ्यांदा त्याची आईच त्याला शोधत आली. तेव्हापासून टॉर्च. तेव्हापासून ‘जीभ वर कर’. कुणाचं ऐकायचं नाही याला सगळे अनुभव म्हणायचे, आणि रत्नप्रभा सिस्टरचा अनुभव मोठा होता.

पण सुबोधने आणखी काहीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. खिडकीच्या जाळीत निळी बोटं अडकवून. “सिस्टर, हसू नका. आमच्याकडे ॲसिड पितळ खातं ना, तसं ते टीबीचं औषध तुमची गोळी खातं. लघवी बघा कशी केशरी होते. त्यातनंच वाहून जाते ती.”

“मोठा आला डॉक्टर!” रत्नप्रभा म्हणाली होती. आणि हसली होती. रांगेतले मागचे दोघेही हसले होते.

ॲसिड पितळ खातं तसं. यकृत, बाण, गोळी... नववी पास माणसाने चौदा नंबरची स्लाइड माझ्या तोंडावर मारली होती, फुकट, मराठीत, आणि मी त्याला जीभ वर करायला सांगितलं.

तिच्या कानशिलांत काहीतरी तडतडायला लागलं. सर्वज्ञात! म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. पुस्तकात होतं, स्लाइडवर होतं, सबनीसांच्या डोक्यात होतं. आणि तेच डोकं मे महिन्यातल्या एका मंगळवारी रजिस्टरवर वाकलं होतं, आणि तिने लिहिलेल्या ‘गोळी अपुरी पडते अशी तक्रार’ या ओळीपुढे त्यांनी इंग्रजीत दोन शब्द लिहून खाली सही केली होती. त्या दोन शब्दांचा मराठीत अर्थ : नशेसाठी मागतोय. शेजारच्याच रकान्यात टीबीचं औषध सुरू केल्याची तारीख होती. तीन बोटांचं अंतर. मिझोरामच्या डोंगरात, नेट नसताना, एका बाईला दोन तारखा शेजारी शेजारी मांडता आल्या, आणि इथं त्या आधीपासून शेजारीच होत्या तरी कुणाला...

“ताई?” ऋतिका म्हणाली. “काय करताय? ताई, अहो तो आपला माइक...”

लाल रेघ गेली.

“सर, मी रत्नप्रभा मेस्त्री बोलतेय. अंधेरीवरून. सिस्टर.” ती हिंदीत बोलत होती, अंधेरीच्या हिंदीत, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला पडद्यावरचे चेहरे वर उचलले गेले तेव्हा कळलं. “हे सर्वज्ञात आहे म्हणालात. कोणाला ज्ञात आहे, सर? मला कुणी सांगितलं नाही. गोळी मी देते. आपल्याकडे सुबोध होता, गेल्या मेमध्ये. हेच म्हणत होता. शब्दाला शब्द हेच. आपण त्याची गोळी वाढवली नाही, बंद केली.”

सबनीसांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण त्यातून ते स्वतः निघून गेले. “सिस्टर, एकेका पेशंटबद्दल आपण नंतर बोलू. आत्ता वेळ...”

“नंतर कधी? तो सप्टेंबरात गेला.”

पडद्यावर पंजाबातल्या एका डॉक्टरच्या मागे पंखा फिरत होता तेवढाच.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती खोली बोलली होती, आणि समोर तो गोरटेला गुळगुळीत चेहरा काय बोलावं ते शोधत होता. शोध. शोध आता. मी पण शोधत होते, त्याच्या आईला काय सांगायचं ते. आणखी दोन वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती, धार लावलेली... आणि तेवढ्यात लालरिनपुईचा आवाज आला, तुटत तुटत.

“सिस्टर. मला सांगाल? तो आला तेव्हा तुम्हाला काय दिसलं?”

“म्हणजे?”

“तो काय म्हणाला ते कळलं. तुम्हाला काय दिसलं?”

काय साधा प्रश्न. डॉक्टर लोक विचारतात तसलाच. रत्नप्रभाने तोंड उघडलं. नाक गळत होतं, ती म्हणाली. जांभया. डोळे... बाहुल्या मोठ्या झालेल्या. आणि हातावर काटा होता. मे महिना, खिडकीवर पत्र्याची शेड, आम्ही घामाने निथळतोय आणि त्याच्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत...

ती थांबली.

काटा खोटा आणता येत नाही. हे तिला ज्ञात होतं. हे कुठल्याही स्लाइडवर नव्हतं, हे तिनेच नव्या सिस्टरांना शिकवलं होतं, दरवर्षी, त्याच खिडकीत उभं राहून : नाक गळल्याचं सोंग करतील, रडतील, पोट धरतील, पण काटा बघा गं, काटा कुणाला मनात आणून आणता येत नाही. आणि सुबोधच्या हातावर तिने काटा पाहिला होता. जाळीला टेकलेला हात, निळी नखं, आणि त्यावर उभा राहिलेला एकेक केस. तिने तो पाहिला होता आणि रजिस्टरात लिहिला नव्हता. का? कारण मागे चाळीस जणांची रांग होती. कारण त्या सकाळी तिचं सासूशी वाजलं होतं. कारण तो मोठा आला डॉक्टर... नाही. कारण लिहिलं असतं तर त्याचं खरं मानावं लागलं असतं.

आणि त्याच्या तोंडावर खिडकी कोणी लावली? तक्रारीच्या चौथ्या दिवशी त्याने खिडकीशेजारच्या काचेवर हात मारला, काच तडकली, तेव्हा “याला तीन दिवस आत घेऊ नका, माफीपत्र आणू दे” असं वॉचमनला कोणी सांगितलं? तो मंगळवार नव्हता. सबनीस नव्हते. त्यांनी नंतर सही केली, पण त्यांच्या सहीच्या वर आणखी एक सही होती, गोल, सुवाच्य, नर्सिंग स्कूलमध्ये जिचं कौतुक व्हायचं ती. तीन दिवसांनंतर तो आलाच नाही. गर्दावर परत गेला, टीबीचं औषध सोडलं. बस्, एवढंच.

“सिस्टर, आवाज गेला का?” लालरिनपुई विचारत होती.

“नाही,” रत्नप्रभा म्हणाली. “दिसत होतं. टर्की खरी होती. मला दिसत होतं. तरी मी नाही दिली.”

पलीकडून ती बाई म्हणाली, “माझे पहिले दोघे असेच गेले, सिस्टर. हा तिसरा आहे.”

रत्नप्रभाला ते नको होतं. ते सांत्वन, ती डोंगरापलीकडून पुढे केलेली पाठ थोपटणारी बोटं... ठेव तुझ्याकडे. तुझे दोन, माझा एक, अशी काय बेरीज करायची आहे का आपल्याला? तिने नुसती मान हलवली. सबनीस घसा साफ करून पुढच्या पेशंटकडे वळले, आणि तिचा माइक कुणीतरी तिकडूनच बंद केला.

एकला पडदा काळा झाला तशी ऋतिका खुर्चीतून उसळली. “ताई, काय वाट लावलीत सरांची! झकास! त्यांचं तोंड बघितलंत ना?”

“गप बस.”

“अहो, पण...”

“गप बस म्हटलं ना! जत्रा आहे का?”

ऋतिकाचं तोंड एवढंसं झालं. ती इयरफोन गुंडाळत बाहेर गेली. आता हिच्यावर कशाला... पण राग असा होता की ज्याच्यावर टाकावा त्याच्यावरून घसरून पुन्हा पायाशी येत होता.

दीड वाजता सबनीसांचा फोन आला. “सिस्टर, अहो, बाहेरच्या लोकांसमोर असं बोलायचं का? मला आधी सांगायचं ना तुम्ही.”

“सांगितलं होतं सर. रजिस्टरमध्ये आहे. पुढे तुमची सही आहे.”

पलीकडून गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. “माझ्याकडे चार सेंटर्स आहेत,” ते मग हळू म्हणाले, आणि आवाजात प्रशिक्षणातला सूर नव्हता. “चारशे पेशंट. त्या दिवशी मी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं, सिस्टर. मी फक्त ओळ वाचली. ओळीत जे होतं तेवढंच.”

ओळीत जे होतं तेवढंच. हे तो माझ्यावर ढकलतोय का? ढकलतोयच. आणि खरंही आहे. मेलं खरं आहे. ओळीत काटा नव्हता.

“वर माझी सही आहे,” ती म्हणाली. “माहीत आहे मला.” आणि ‘बरं’ न म्हणता फोन ठेवला, जे तिने कुठल्याही डॉक्टरच्या बाबतीत आजवर केलं नव्हतं.

सुबोधची आई ऑक्टोबरात आली होती. राधाबाई. बोरीवलीहून आल्या होत्या, कसल्याशा अर्जाला जोडायला त्याचं उपचाराचं कार्ड हवं होतं. नऊवारी नाही, काही नाही, साधा पंजाबी ड्रेस, हातात प्लास्टिकची पिशवी. कार्ड घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, दीड वर्षाच्या बरोबरच्या खुणांवरून बोट फिरवलं, आणि जिथं खुणा संपत होत्या तिथं थांबून विचारलं, “असं मधेच कसं झालं हो, सिस्टर? व्यवस्थित चालला होता माझा.”

आणि रत्नप्रभा म्हणाली होती, “काय करणार? ऐकलं नाही हो त्याने.”

हे वाक्य आज, दुपारी पावणेदोन वाजता, त्या रिकाम्या खोलीत तिला आपल्याच आवाजात स्वच्छ ऐकू आलं, शेवटच्या ‘त्याने’वरच्या त्या समजूतदार उसाशासकट. राधाबाईंनी मान डोलावली होती. नमस्कार केला होता. नमस्कार, मला.

ती उठली. कपाट उघडून चालू रजिस्टर काढलं आणि उभ्यानेच पानं उलटायला लागली, एवढ्या जोरात की एक पान शिवणीपाशी फाटलं. टीबीचं औषध चालू असलेले किती? हे तिला पाठ असायला हवं होतं, आणि नव्हतं. तीन. एक बाई आहे, ती ठीक दिसते. की दिसते असं मीच ठरवलंय? दुसरा म्हातारा, तो काही बोलतच नाही. तिसरा हर्षद, रिक्षा चालवतो, मरोळ नाक्याला. टीबीचं औषध अठरा दिवसांपूर्वी सुरू. गेल्या गुरुवारी तिच्याच गोल अक्षरात : ‘जादा गोळीची मागणी. समज दिली.’

समज दिली! काय समज दिली गं तू? कोणती समज होती तुझ्याजवळ?

काल त्याच्या नावापुढे हजेरीची खूण नव्हती. आजही नव्हती.

नंबर लावला. रिंग वाजत राहिली, कापली गेली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा एका बाईने उचलला, बहुधा बायको. मागे कुकरची शिट्टी. “कोण?”

“सेंटरवरून बोलतेय. सिस्टर.” पुढचं वाक्य तिला तोंडपाठ होतं, अकरा वर्षं तेच होतं : दोन दिवस आला नाही, उद्या वेळेवर पाठवा, नाहीतर नाव कमी होईल. ते आलंही. घशापर्यंत आलं, आणि तिथं तिला त्या वाक्याचा इतका संताप आला की फोन कानापासून दूर धरावा लागला.

“त्याला फोन द्या,” ती म्हणाली. “रागावणार नाही. नुसतं... काय होतंय ते मला त्याच्याकडून ऐकायचंय.”

पलीकडे कुजबुज. कुणीतरी नको नको म्हणत असावं. मग हर्षदचा आवाज आला, नाक चोंदलेला, आधीच चिडलेला.

“काय ऐकायचंय? बोललो होतो ना तुम्हाला. तेव्हा काय केलंत? हाकललंत ना?”

“हो,” रत्नप्रभा म्हणाली. “हाकललं. आता पुन्हा सांग. पहिल्यापासून.”

तो सांगायला लागला. शिव्यांसकट, उलटसुलट, आधी रात्रीचं मग सकाळचं. ती उभ्याउभ्या ऐकत होती, हातात पेन, आणि त्याने मधेच “चार दिवस झोप नाही, आईशप्पथ” म्हटलं तेव्हा तिच्या ओठांशी ‘थापा मारू नकोस’ आलंच. बावीस वर्षांच्या सवयीने, न बोलावता. तिने ते दातांखाली धरलं. राग गेला नव्हता. सबनीसांवरचा, त्या सुंदर बाणावरचा, सूचना काढणाऱ्यांवरचा, सगळा तसाच होता, पण आता तो बाहेर धावत नव्हता. आत, त्या दातांपाशी, त्या वाक्यासमोर येऊन उभा राहिला होता. आणि वाक्यही कुठं गेलं नव्हतं. उद्या सकाळी नऊ वाजता ते पुन्हा येणार, परवाही येणार, नव्वदांतल्या प्रत्येकासाठी येणार, आणि त्यातल्या वीस वेळा ते खरंही असणार...

“ऐकताय ना?” हर्षद ओरडला.

“ऐकतेय,” ती म्हणाली. “हातावर काटा येतो का रे?”